शस्त्रक्रिया करणाऱ्याची मान

प्रश्न : माझे पती शल्यविशारद आहेत. दिवसभर दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करून रात्री घरी येतात, तेव्हा त्यांची मान व खांदे आखडलेले असतात. हे वयाचे दुखणे समजावे काय?
– एक वाचक भगिनी, धुळे

उत्तर : ताई, हे वयापेक्षा कामाच्या ठेवणीचे दुखणे असण्याची शक्यता अधिक आहे. माणसाचे डोके सुमारे ५ किलो वजनाचे असते. ते पुढे झुकवून तासन्‌तास स्थिर ठेवले, तर मानेच्या स्नायूंवरचा भार कित्येक पटींनी वाढतो आणि सतत ताणलेल्या स्नायूंचा रक्तपुरवठा मंदावून ते लवकर थकतात. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेतील उपकरणे लांब असल्यामुळे टेबल नेहमीच्याच उंचीवर राहिले, तर खांदे उचलून काम करावे लागते. म्हणून उपकरणांच्या मुठी कोपराच्या पातळीवर येतील इतके टेबल खाली घ्यावे. दुर्बिणीतले चित्र दाखवणारा पडदा अगदी समोर, नजरेच्या किंचित खाली असावा. दर अर्ध्या तासाने एखादे मिनिट हात मोकळे करावेत. आपल्या खान्देशात कापूस वेचणाऱ्या बाईला कंबर सरळ करायला आपण सांगतो, डॉक्टरांना मात्र कोणीच सांगत नाही, याची मला मनापासून खंत वाटते. हाताला मुंग्या येत असतील किंवा पकड सैल पडत असेल, तर अस्थिरोगतज्ज्ञांकडे जाण्यास विलंब करू नये.