सप्तरंगीची मुळी, बिबळ्याचा पेला

प्रश्न : वडील सत्तरीचे आहेत, शुगरसाठी ग्लिमेपिराइडची गोळी चालू आहे. जांबोटीकडच्या एका ओळखीच्याने सप्तरंगीची मुळी आणून दिली. तिचं पाणी सकाळी उपाशीपोटी घेतात, जेवताना पुन्हा वाटीभर. साखर थोडी उतरली, पण पोट डब्ब होतं, रात्रभर गॅस. मुळी बाधतेय का? गोळी बंद केली तर चालेल?
– एक वाचक, खानापूर

उत्तर : गोळी बंद करू नका, हे आधी. आता गॅसचं. मुळी बाधत नाही, ती तिचं काम करतेय! सप्तरंगीच्या जातकुळीतल्या श्रीलंकेतल्या एका वेलीतून जपानी संशोधकांनी १९९७ साली सॅलॅसिनॉल नावाचं द्रव्य वेगळं काढलं. भातातल्या पिष्टापासून साखर मोकळी करणारं आतड्यातलं एन्झाइम ते अडवतं, म्हणून जेवल्यावर साखर एकदम चढत नाही. पण न पचलेलं पिष्ट जातं कुठे? मोठ्या आतड्यात. तिथले जंतू ते आंबवतात आणि पोट फुगतं. अकार्बोज ही मधुमेहावरची गोळीही हेच एन्झाइम अडवते, ती घेणारेही हीच तक्रार घेऊन येतात. खानापूरकडची माणसं दोन्ही वेळा ताटभर भात जेवणारी, त्यामुळे त्रास जास्तच. भात थोडा कमी करून बघा. उपाशीपोटीचं पाणी मात्र सोडूनच द्या. पोटात भातच नाही, तर मुळी अडवणार काय?

मला काळजी आहे ती वेगळीच. ग्लिमेपिराइड आणि मुळी, दोन्हींनी साखर उतरते. एखाद्या दिवशी वडील जेवले नाहीत, घाम फुटला, हात थरथरू लागले, तर घरची मंडळी काय करतील? चमचाभर साखर नाहीतर कुंद्याचा घास तोंडात घालतील. पण साध्या साखरेचं पचनही हीच मुळी अडवते, म्हणजे उतारा उशिरा लागू पडणार. घरात ग्लुकोजची पावडर ठेवा, आणि मुळी चालू आहे हे डॉक्टरांना सांगा. रागावतील म्हणून लपवू नका. रागावू देत. एका मुळीत द्रव्य किती, दुसरीत किती, हे घरी कळायला मार्ग नाही, आणि गोळीचा डोस त्यांनाच बसवायचाय. (मुळी खणली की वेलच जाते. ओळखीच्याला तेही एकदा विचारा.)

प्रश्न : प्रदर्शनातून बिबळ्याच्या लाकडाचा पेला घेतला. त्यात रात्रभर ठेवलेलं पाणी प्यायलं की साखर उतरते म्हणे. खोक्यावर ‘संशोधनाने सिद्ध’ असं छापलंय. खरं आहे का?
– एक वाचक, निपाणी

उत्तर : संशोधन झालंय, पण पेल्यावर नाही. आपल्या बेळगावच्या नेहरूनगरात ज्यांची पारंपरिक औषधांची राष्ट्रीय संस्था आहे, त्याच आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) १९९८ साली बिबळ्याची, म्हणजे विजयसाराची, चाचणी प्रसिद्ध केली. मधुमेहाचं निदान नुकतंच झालेल्या ९७ जणांपैकी ६७ जणांची साखर १२ आठवड्यांत आटोक्यात आली. मात्र त्यांना दिला होता अर्क, रोज २ ते ४ ग्रॅम मोजून. शिवाय चाचणी खुली होती. काय दिलं जातंय ते रुग्णालाही ठाऊक आणि डॉक्टरलाही. तुमच्या पेल्यात रात्रभर ठेवलेल्या पाण्यात किती ग्रॅम उतरलं, ते मोजणार कोण? नवा पेला पाण्याला मधासारखा रंग देतो, उजेडात निळसर झाकही दिसते. रोज वापरला की रंग फिका पडत जातो. अजिबात रंग येईनासा झाला, की त्यात पेनं ठेवा.