चर्चा एकत्र, मत वेगळे

प्रिय मित्रा,

तुझे पत्र मिळाले. अध्यादेश नामंजूर करण्याचा तुमच्या गटाचा ठराव आणि त्या अध्यादेशाची जागा घेणारे विधेयक यांवर एकत्र चर्चा घेण्याचे कामकाज सल्लागार समितीत ठरले, म्हणून ठराव बुडाला की काय, अशी शंका तुला आली आहे. ठराव बुडालेला नाही. बुडतो तेव्हा तो सभागृहात नव्हे, तर समितीच्या बैठकीत बुडतो, जिथे चहा येईपर्यंत साऱ्या माना डोलून झालेल्या असतात.

एकत्र होते ती चर्चा. मत एकत्र होत नाही. संविधानातला राज्यपालांच्या अध्यादेशांविषयीचा अनुच्छेद 213 काढून वाच. अधिवेशन पुन्हा सुरू झाल्यापासून सहा आठवडे उलटले की अध्यादेश आपोआप संपतो. त्याआधी विधानसभेने नामंजुरीचा ठराव संमत केला आणि विधान परिषदेने त्याला सहमती दिली, तर तो तेव्हाच संपतो. ज्या ठरावाला संविधानाने एवढा परिणाम दिला आहे, त्याला विधेयकावरील भाषणातला एक मुद्दा समजणे मला सहन होत नाही. लोकसभेत दोन्हींवर एकत्र बोलतात, पण आधी ठराव मताला टाकतात आणि विधेयक विचारात घेण्याचा प्रस्ताव त्यानंतर येतो.

तेव्हा एकत्र चर्चेला विरोध करत बसू नकोस. तोच युक्तिवाद दोनदा मांडलात, तर तुमच्याच लक्षवेधी सूचनांचा वेळ जाईल, आणि नागपूरच्या छोट्या अधिवेशनात तर तो परत मिळत नाही. मात्र होकार देण्याआधी ठराव मांडणाऱ्या सदस्याचे पहिले भाषण, शेवटी उत्तर देण्याचा त्याचा हक्क आणि मतदानाचा क्रम इतिवृत्तात नोंदवून घे. ‘ते गृहीतच आहे’ असे कोणी म्हणाले, तर हसून म्हणावे, मग लिहायला हरकत कसली?

विधानसभेच्या नियम 293 खालच्या, म्हणजे सार्वजनिक महत्त्वाच्या विषयांवरील चर्चेच्या, प्रस्तावांत धोका याहून मोठा असतो. पीकविमा, पाणीटंचाई, पिण्याच्या पाण्याच्या योजना आणि रस्ते एकाच प्रस्तावात बांधले जातात, दिवसभर सगळे सगळ्यांवर बोलतात आणि शेवटी एकच मंत्री उत्तर देतो. ज्या खात्याचा मंत्री उठत नाही, त्या खात्यावरचा प्रश्न विचारला होता हे फक्त कार्यवृत्तात उरते. मी प्रतोदांच्या दालनात काम करत असताना आमच्याच एका ज्येष्ठ नेत्याने अशा गाठोड्याला वरवर होकार दिला. मी खातेनिहाय उत्तरे मागितली, तेव्हा मला वेळकाढू ठरवले गेले. त्या दिवशी पाण्याच्या योजनांवर एकही उत्तर आले नाही. ती खंत अजून जात नाही, आणि मला अडेलतट्टू म्हणणाऱ्यांचे म्हणणे मी अजून मान्य केलेले नाही. अडून बसलो नसतो तर पुढच्या अधिवेशनातही तेच झाले असते, आणि ते झाले नाही, एवढे तरी माझ्या बाजूने धर.

तू विचारशील, समिती एकमताने चालते, तिथे नवख्याने किती ताणावे? अरे, तुमच्या होकाराशिवाय एकमत होत नाही, म्हणूनच तिथे ताणायचे! सभागृहात संख्या सत्ताधाऱ्यांकडे आहे. समितीत तुमच्या होकाराला किंमत आहे.

आता हे कर. उद्याची कामकाजपत्रिका हातात आली की ठराव आणि विधेयक वेगवेगळ्या अनुक्रमांकांवर आहेत का, ठराव आधी आहे का, आणि खाली एकत्र चर्चेची टीप आहे का, ते पाहा. दोन्ही एकाच अनुक्रमांकावर दिसले, तर सभागृह भरण्याची वाट पाहू नकोस. सकाळीच विधान भवनात जाऊन सचिवालयाला लेखी पत्र दे आणि त्याची पोच घे.

तुझा,
एक जुना सहकारी