बंद खोलीतला रेडॉन

प्रश्न : फोंड्याला आमचं जुनं चिऱ्यांचं घर आहे. पावसाळाभर बंद असलेल्या खोलीत रेडॉन हा किरणोत्सारी वायू साचतो म्हणतात. वासावरून कळेल का?

उत्तर : नाही. अणुक्रमांक ८६ च्या या रासायनिकदृष्ट्या निष्क्रिय वायूला रंग, वास, चव नाही. हवेपेक्षा तो ७-८ पट जड. येतो मुख्यतः जमिनीतल्या रेडियम या किरणोत्सारी धातूपासून, फरशीच्या भेगांतून. चिऱ्यांना उगाच दोष नको. रेडॉन-२२२ चं (रेडॉनचा मुख्य प्रकार) अर्धायुष्य, म्हणजे निम्मा वायू विघटित व्हायला लागणारा काळ, ३.८ दिवस, त्यामुळे महिनाभरात पातळी स्थिरावते, वाढतच जात नाही. खरा घातक त्यातून बनणारा पोलोनियम हा किरणोत्सारी धातू : धुळीला चिकटून फुप्फुसात जातो. रेडॉन मोजणारा फिल्मचा डिटेक्टर ३ महिने टांगा, पण खिडकीजवळ नको, आकडा फसवा कमी येतो. पातळी घनमीटरला १०० बेक्वेरलच्या (किरणोत्साराचं एकक) वर गेल्यास भेगा बुजवा, खिडक्या उघडा.