सॅटेलाइटच्या फोटोत हिरवं शेत लाल का दिसतं, आणि पीक बघायला एवढा पुसट फोटो कशाला?

तुम्ही विचारलंय की जिल्ह्याच्या पीक नकाशात तुमचं हिरवंगार कपाशीचं शेत लालभडक दिसतंय, म्हणजे पीक करपलंय असं धरलंय का, आणि मोबाईलच्या मॅपवर गोठ्यावरचे पत्रेसुद्धा दिसतात तर पिकासाठी हा असा पुसट फोटो का घेतात. मी विदर्भात तीन हंगाम पीक सर्वेक्षणाचं काम केलंय, ऑफिसात हेच फोटो बघायचे आणि मग हातात जीपीएस घेऊन बांधावर जाऊन खात्री करायची, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आधी लाल रंगाचं. घाबरू नका, लाल म्हणजे पीक जोमात आहे. पानातलं हरितद्रव्य लाल आणि निळा प्रकाश शोषून घेतं, हिरवा थोडा परत येतो म्हणून पान आपल्याला हिरवं दिसतं. पण लालच्या पलीकडचा इन्फ्रारेड प्रकाश, जो आपल्या डोळ्याला दिसतच नाही, तो पानाच्या आतल्या पेशी आणि पोकळ्यांमध्ये इकडेतिकडे आपटून जवळपास निम्मा परत येतो. निरोगी पान तिथे खरं चमकतं. आता न दिसणारा प्रकाश स्क्रीनवर दाखवायचा तर त्याला कुठलातरी रंग द्यावाच लागतो ना, तर पद्धत अशी की इन्फ्रारेडला लाल रंग द्यायचा, लालला हिरवा आणि हिरव्याला निळा. म्हणून दाट पीक लाल, रिकामी काळी जमीन करडी-निळसर आणि स्वच्छ तलाव जवळजवळ काळा, कारण पाणी इन्फ्रारेड गिळून टाकतं.

आता पुसटपणाचं. मोठ्या भागाच्या पीक पाहणीला ज्या कॅमेऱ्याचे फोटो वर्षानुवर्षं वापरले गेले तो इस्रोच्या रिसोर्ससॅट उपग्रहांवरचा एविफ्स, पहिला उपग्रह २००३ ला गेला, मग २०११ आणि २०१६ ला पुढचे. ८१७ किमी उंचीवरून हा एका फेरीत तब्बल ७४० किमी रुंद पट्टा बघतो, म्हणजे मुंबईपासून नागपूरपर्यंत सगळं एकाच सकाळी, साडेदहाच्या सुमारास. एवढी रुंदी एका कॅमेऱ्यात बसत नाही म्हणून दोन कॅमेरे, एक डावीकडे कललेला आणि एक उजवीकडे, साधारण १२-१२ अंशांनी. शटर वगैरे काही नाही, सेन्सरची एक लांब ओळ असते आणि उपग्रह पुढे सरकतो तशी ती जमीन ओळीओळीने वाचत जाते, झाडू मारत गेल्यासारखी. आणि चार प्रकाश, म्हणजे चार बँड: हिरवा, लाल, इन्फ्रारेड आणि त्याच्याही पलीकडचा शॉर्टवेव्ह इन्फ्रारेड, प्रत्येकाला वेगळी लेन्स.

या रुंदीची किंमत म्हणजे एक पिक्सेल, फोटोतला एक ठिपका, ५६ मीटरचा, कडेला तर ७० च्या आसपास. ५६ बाय ५६ म्हणजे सुमारे ३१ गुंठे, त्यात तुमची कपाशी, शेजाऱ्याचं सोयाबीन आणि मधला धुरा सगळं एकात कालवलं जातं. त्याच उपग्रहावर लिस-३ नावाचा २३.५ मीटरचा कॅमेरा आहे, फोटो बराच स्पष्ट, पण पट्टा १४१ किमीचा, त्यामुळे तुमच्या गावावर परत यायला २४ दिवस लागतात. एविफ्स पाच दिवसांत परत येतो. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे आभाळ कसं असतं तुम्हाला माहीतच आहे, २४ दिवसांतून एकदा मिळालेली संधी ढगात गेली की महिना गेला. पाच दिवसांनी येणारा कॅमेरा असेल तर पंधरवड्यातले सगळे फोटो एकावर एक ठेवून प्रत्येक जागेचा सगळ्यात हिरवा आकडा उचलता येतो, ढगाचा आकडा नेहमी कमी येतो त्यामुळे तो बराचसा आपोआप गळतो. हा आकडा म्हणजे एनडीव्हीआय: इन्फ्रारेडमधून लाल वजा करायचा आणि दोघांच्या बेरजेने भागायचं. दाट पिकात इन्फ्रारेड ४५ टक्के आणि लाल ५ टक्के परत येत असेल तर ४० भागिले ५०, म्हणजे ०.८. उघड्या रानात तो ०.२ च्या आसपास राहतो.

आणि पीक ओळखायचं ते मुख्यतः तारखांवरून, हे मला शेतात उभं राहिल्यावर नीट कळलं. ऑगस्टमध्ये सोयाबीन आणि कपाशी दोन्ही लालच लाल, फोटो कितीही स्पष्ट घ्या, फरक करणं अवघड. पण सप्टेंबरच्या शेवटी सोयाबीन पिवळं पडून पानं गाळतं, दोन-तीन फेऱ्यांत तो पिक्सेल लालचा करडा होतो, कपाशी मात्र पुढे नोव्हेंबरातही लाल असते आणि तिच्यातले तुरीचे तास त्याहून उशिरापर्यंत. एप्रिल-मेमध्ये कालव्याच्या कडेने जे लाल तुकडे उरतात तो बहुतेक ऊस.

बहुतेक म्हणतोय कारण एकदा आम्ही उन्हाळ्याच्या फोटोत एका तलावाच्या काठावरचे आठ-दहा लाल पिक्सेल ऊस म्हणून धरले होते, जाऊन बघतो तर कमरेपर्यंत पाण्यात बेशरमची दाट झाडी, जांभळट फुलं आलेली, ऊस नावालाही नाही. परत येऊन शॉर्टवेव्हचा बँड उघडला तर तिथे तो डाग खऱ्या उसापेक्षा स्पष्टपणे गडद होता, कारण हा प्रकाश पाणी फार शोषतं, पानातलंही आणि पानाखाली साचलेलंही. तो बँड आधीच बघितला असता तर चूक झाली नसती. तेव्हापासून मी एकट्या लाल फोटोवर कधीच विश्वास ठेवला नाही, चारही बँड बघूनच बोलायचं.

मोबाईलवरचा मॅप बहुतेक वेळा आपल्या डोळ्याला दिसणाऱ्या तीन रंगांचाच असतो, आणि तुमच्या गावचा फोटो दोन वर्षांपूर्वीचाही असू शकतो. पत्रे दिसतील, पण या हंगामातली कपाशी त्यात नाही.

तुम्हाला फक्त स्वतःचं शेत बघायचं असेल तर एविफ्स नका बघू, दोन-तीन एकराला त्यातून काही कळणार नाही. युरोपचा सेंटिनेल-२ बघा, फुकट आहे, १० मीटरचा पिक्सेल म्हणजे जेमतेम एक गुंठा. तिथे बँड ८, ४, ३ असे लावा, नकाशात दिसला तसाच लाल फोटो येईल. २० सप्टेंबर ते २० ऑक्टोबरमधले बिनढगाचे दोन-तीन फोटो काढून शेजारी शेजारी ठेवा. शेजाऱ्याचं सोयाबीन विझलेलं दिसेल आणि तुमची कपाशी लालच राहील. मध्येच एखादा कोपरा फिका पडलेला दिसला तर मात्र तिथे जाऊन बघा, पाणी साचलंय की मर लागलीय ते.