विमानाचं तिकीट परवडतं, मग बोटीत का बसतात?

प्रश्न : युरोपकडे निघालेल्या बोटी बुडाल्याच्या बातम्या सारख्या येतात. ही माणसं दलालांना हजारो युरो देतात म्हणे, मग तेवढ्यात विमानाचं तिकीट काढून, एअरपोर्टवर उतरून रीतसर आश्रय का मागत नाहीत? आणि श्रीमंत देशांनी तरी किती लोकांना घ्यायचं, त्यांनाही मर्यादा असणारच ना?

उत्तर : तुमचा पहिला प्रश्न अगदी नेमका आहे. तिकीट मिळतं हो, पण विमानात चढूच देत नाहीत. युरोपियन युनियनचा 2001 चा नियम असा की व्हिसा नसलेला प्रवासी आणला तर विमान कंपनीलाच दर प्रवाशामागे हजारो युरो दंड, त्यामुळे चेक-इन काउंटरवरचा कर्मचारीच माणसाला परत पाठवतो. तो कर्मचारी काही न्यायाधीश नाही, समोरचा माणूस जीव वाचवून पळतोय की फिरायला निघालाय हे ठरवायला त्याच्याकडे ना वेळ ना अधिकार.

मग व्हिसा का काढत नाहीत? आश्रय मागण्यासाठी म्हणून व्हिसा जवळपास कुठलाच देश देत नाही. 2016 मध्ये अलेप्पोच्या एका सीरियन कुटुंबाने, नवराबायको आणि तीन लहान मुलं, बैरुतमधल्या बेल्जियमच्या वकिलातीत जाऊन सरळ सांगितलं होतं की आम्हाला व्हिसा द्या, आम्ही तिथे येऊन आश्रय मागू. म्हणजे तुम्ही म्हणताय तसं अगदी रीतसर. बेल्जियमने नकार दिला, आणि मार्च 2017 मध्ये युरोपियन युनियनच्या कोर्टाने सांगितलं की युनियनच्या कायद्यानुसार असा व्हिसा द्यायला सदस्य देश बांधील नाहीत. माझ्या मते या सगळ्या विषयातला सगळ्यात क्रूर भाग हाच आहे, कारण 1951 च्या निर्वासित करारानुसार जिवाला धोका असलेल्या माणसाला तिकडे परत ढकलता येत नाही, थेट धोक्यातून आलेल्याने लगेच समोर येऊन सांगितलं तर बेकायदा घुसला म्हणून शिक्षाही करता येत नाही, पण हा हक्क प्रत्यक्षात वापरायचा तर आधी त्या देशाच्या जमिनीवर पाय पडायला हवा आणि सगळी धडपड चाललीय ती तो पाय पडू न देण्याची.

त्यासाठी पैसाही ओततात. 2016 मध्ये तुर्कस्तानशी करार झाला, तिथल्या निर्वासितांसाठी 6 अब्ज युरो कबूल केले आणि बदल्यात तुर्कस्तानने माणसं अडवायची. 2017 मध्ये इटलीने लिबियाच्या तटरक्षक दलाला मदत देऊन बोटी समुद्रातूनच परत न्यायची सोय केली, आणि परत नेलेल्यांना लिबियात कोंडून मारहाण होते हे संयुक्त राष्ट्रांच्या अहवालांतच आहे. ऑस्ट्रेलिया बोटीने आलेल्यांना नाउरू बेटावर ठेवते. ब्रिटनची रवांडा योजना घ्या, म्हणजे आश्रय मागणाऱ्यांना आफ्रिकेतल्या रवांडा देशात पाठवून द्यायची, सुमारे 70 कोटी पौंड खर्च, गेले फक्त चारजण, तेही स्वखुशीने, 2023 मध्ये ब्रिटनच्याच सुप्रीम कोर्टाने ती बेकायदा ठरवली आणि 2024 मध्ये नव्या सरकारने गुंडाळली.

आता मर्यादेचं. मर्यादा असते, मान्य. शाळा, घरं, दवाखाने यांवर ताण येतो आणि तो बहुतेक वेळा गरीब वस्त्यांवरच येतो, तिथल्या लोकांची तक्रार खोटी नाही. पण जगातल्या निर्वासितांपैकी 70 टक्क्यांहून जास्त लोक कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात, युगांडात 15 लाखांहून जास्त, बांगलादेशात 10 लाखांच्या आसपास रोहिंग्या. सगळे श्रीमंत देशांकडेच धावतायत असं मुळात नाहीच.

आणि मनात आलं की जमतंही. मार्च 2022 मध्ये युक्रेनच्या लोकांसाठी युरोपने 2001 पासून पडून असलेला तात्पुरत्या संरक्षणाचा कायदा पहिल्यांदा वापरला, राहायला आणि काम करायला लगेच परवानगी, लोक रेल्वेने, गाडीने आले, 40 लाखांहून जास्त जणांना आसरा मिळाला आणि त्यासाठी कुणाला रबरी बोटीत बसावं लागलं नाही. हेच सीरियन, सुदानी, अफगाण माणसाला का नाही, हे त्या सरकारांना विचारायलाच हवं. मनुष्यबळ नकोय असंही नाही बरं का, समुद्रात माणसं अडवणाऱ्या इटलीनेच 2023 ते 2025 साठी बाहेरच्या कामगारांना 4 लाख 52 हजार परवाने जाहीर केले होते.

रीतसर वाट कशी असू शकते ते बघायचं तर कॅनडाकडे बघा. 1979 पासून तिथे साधे नागरिक गट करून, अगदी पाचजण मिळूनसुद्धा, एखाद्या निर्वासित कुटुंबाचा साधारण वर्षभराचा खर्च आणि बस्तान बसवायची जबाबदारी घेतात आणि ते कुटुंब व्हिसा घेऊन विमानानेच येतं. अशा खाजगी जबाबदारीवर 3 लाखांहून जास्त लोक आलेत. नोव्हेंबर 2024 मध्ये मात्र पाचजणांच्या गटांचे नवे अर्ज कॅनडाने थांबवले, कारण आधीचेच इतके साचले होते. म्हणजे जबाबदारी घ्यायला तयार असलेली माणसं होती, अर्ज तपासणारे कमी पडले, आणि कर्मचारी वाढवणं हे रवांडासारख्या योजनेपेक्षा कितीतरी स्वस्त पडलं असतं असं मला तरी वाटतं.