डबा तसाच परत येतो?

प्रश्न: मी रोज डोंबिवलीहून फोर्टला नोकरीला जाते. सकाळी चहा-बिस्किट खाऊन निघते. परवा पाच वाजता एका चुकलेल्या आकड्यावरून साहेब सगळ्यांसमोर बोलले, मी उलटून बोलले. साडेसहाच्या लोकलमध्ये तिघींच्या बाकावरच्या चौथ्या सीटवरून एकीशी कडाक्याचं भांडण झालं. आठला घरी पोचले तर दूध नासलेलं. मुलावर हात उगारला. असे दिवस सारखे येतात. कामाच्या गडबडीत डबाही बहुतेकदा तसाच परत येतो, त्यातल्या पोळ्या रात्री मीच संपवते. माझं नशीबच खोटं आहे का? सकारात्मक कसं राहायचं?
– वैतागलेली

उत्तर: साहेब, गाडीतली बाई, नासलेलं दूध, सगळं तुम्ही सविस्तर लिहिलंत आणि डब्याचं जाता जाता उरकलंत. मी तिथेच अडले.

पत्रातल्या वेळा पुन्हा वाचा. पाच, साडेसहा, आठ. दुपारपर्यंत तुमच्या नशिबाने काही वाकडं केलेलं नाही. दिवसभर उपाशी असलेल्या बाईचा संध्याकाळी आकडा चुकतो, मग साहेबांचं बोलणं दुप्पट लागतं. चौथी सीट रोजच मिळते किंवा मिळत नाही, परवा मात्र ती जिवावर आली. साहेबांनी चारचौघांत बोलायला नको होतं. पण त्यावर तुमची समजूत काढण्यात मी एकही ओळ घालवणार नाही, कारण शेवटी हात मुलावर उगारला गेला.

सकारात्मक विचारांचं राहू द्या. तुमचा मुलगा भरलेला डबा चार दिवस परत घेऊन आला, तर तुम्ही काय कराल? शाळेत जाऊन बाईंना विचाराल, रात्रभर झोपणार नाही. स्वतःचा आलेला डबा मात्र निमूट घासून ठेवता. आणि शिळ्या पोळ्या तुम्हीच का संपवायच्या? मला याचा राग येतो, तुमच्या काळजीपोटीच येतो.

उद्या दीड वाजता डबा उघडायचा. साहेबांनी हाक मारली तर 'जेवून येते' म्हणायचं, माफी न मागता. जेवणाला लागून चहा नको, त्याने अन्नातलं लोह कमी अंगी लागतं. महिनाभर हे एवढंच करा, बाकी काही सुधारायला जाऊ नका.

आणि स्टेशनचा पूल चढताना दम लागतो का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या शंभरातल्या 54 बायकांना रक्तक्षय, म्हणजे रक्तात हिमोग्लोबिन कमी, आढळला. त्यात दम लागतो, थकवा येतो, चिडचिडही होते, आणि आपण ती स्वभावाच्या नाहीतर नशिबाच्या खात्यावर टाकतो. या शनिवारी सीबीसी ही रक्ताची साधी तपासणी करून घ्या. हिमोग्लोबिन 12 च्या खाली आलं तर रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे जा, मनाने गोळ्या घेऊ नका. या तपासणीला उपाशीपोटी जावं लागत नाही. खाऊन जा.