वाईन बिघडली की म्हातारी झाली?

प्रश्न : आम्ही दोघं नोकरीनिमित्त तुलूजला राहतो. खालच्या मजल्यावरच्या फ्रेंच आजोबांनी माझ्या वाढदिवसाला त्यांच्या तळघरातली १९८८ सालची ओ-मेदोकची (बोर्दोजवळच्या मेदोक भागातली रेड वाईन) बाटली दिली. कारण इतकंच, की माझा जन्म त्या वर्षीचा. उघडताना बूच निम्म्यातच तुटलं. रंग विटकरी, ग्लासच्या कडेला तर तपकिरीच. वास मात्र अप्रतिम होता : ओला पाचोळा, तंबाखू, जुनं लाकडी कपाट. पण चवीला पातळ, आंबटसर, आणि घोट गिळल्यावर तोंडाला कोरड. मित्र म्हणाला, जगमध्ये ओतून दोन तास हवा लागू दे, सुधारेल. तसं केलं, तर दोन तासांनी वासही गेला आणि चवही. बाटली खराब निघाली का? आजोबा जिन्यात भेटले की विचारतात, कशी होती. त्यांना काय सांगू?

उत्तर : बाटली खराब नव्हती, म्हातारी होती. तिच्यात जे शिल्लक होतं ते पहिल्या ग्लासात आलं, आणि तुम्ही ते अचूक ओळखलंत. पाचोळा, तंबाखू, लाकूड हे वास मेदोकच्या, कॅबर्ने सोव्हिन्यों द्राक्षाच्या पिकलेल्या वाईनचे आहेत. ज्या बाटलीत खरोखर दोष असतो तिचा वास इतका स्वच्छ येत नाही.

मी बोर्दोमध्ये वाईनच्या दुकानात काम करते. आमच्याकडे घर रिकामं करणारी माणसं येतात. वडील गेलेले असतात किंवा आई वृद्धाश्रमात गेलेली असते, आणि तळघरात धूळ खात पडलेली खोकी सापडतात. त्यांतल्या काही बाटल्या उघडून, चाखून, बाकीच्यांचं काय करायचं ते सांगणं हा माझ्या कामातला मला सगळ्यात आवडणारा भाग. त्यामुळे तुमच्या पत्रातला प्रत्येक शब्द मला ओळखीचा वाटला.

बिघाड असता तर तुम्ही वेगळंच काही लिहिलं असतंत. बुचाचा दोष असला तर भिजलेल्या पुठ्ठ्याचा कुबट वास येतो. तो ट्रायक्लोरोॲनिसोल नावाच्या रसायनाचा, आणि ग्लासात वेळ गेला म्हणून तो जात नाही, उलट जास्तच जाणवायला लागतो. जिवाणूंनी हात मारला असेल तर व्हिनेगरचा दर्प येतो, कधी त्याच्या जोडीला नेलपॉलिश रिमूव्हरचा. बूच आतून सैल होऊन हवा शिरली असेल तर कापून ठेवलेल्या, लाल पडलेल्या सफरचंदाचा वास येतो. यातलं काहीच तुम्हाला आलेलं नाही. तुटलेल्या बुचाचंही मनावर घेऊ नका. इतक्या वर्षांचं बूच नेहमीच्या स्क्रूने अखंड निघालं तरच नवल.

मग ती अशी का लागली? तुम्ही लेबलाचा फोटो पाठवलात हे बरं झालं. शातोचं (वाईन करणाऱ्या मळ्याचं) नाव इथे छापत नाही, पण बाटली क्रू बुर्जुआ वर्गातली आहे. १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनासाठी मेदोकच्या शातोंची जी प्रसिद्ध क्रमवारी लावली गेली, तिच्यात न बसलेल्या शातोंचा हा वर्ग. १९३२ साली त्याची यादी झाली तेव्हा तिच्यात ४४४ नावं होती. यांतल्या अनेक वाईन मनापासून चांगल्या असतात, आणि किमतीच्या मानाने तर फारच चांगल्या. पण त्या क्रमवारीतल्या लातूर किंवा मूतों या नामवंत शातोंकडून जितक्या आयुष्याची अपेक्षा ठेवतात तितकी यांच्याकडून ठेवू नये. चांगल्या सालातली क्रू बुर्जुआ दहा-पंधरा वर्षांत पिकते, त्यानंतर काही वर्षं तशीच टिकते, आणि मग उतरणीला लागते.

त्यात १९८८ हे साल कडक टॅनिनचं, म्हणजे द्राक्षाच्या सालीबियांतून येणाऱ्या तुरट घटकांचं. तरुणपणी या वाईन इतक्या तुरट होत्या की लोकांनी त्या बाजूला ठेवल्या, मऊ होतील म्हणून. पाठोपाठ १९८९ आणि १९९० ही दोन उबदार, भरघोस वर्षं आली. सगळे तिकडे वळले आणि १९८८ तळघरातच राहिली. मला या सालाबद्दल नेहमी वाईट वाटतं. मोठ्या शातोंनी त्या वर्षी काही फार देखण्या वाईन केल्या, पण साध्या शातोंच्या कित्येक बाटल्यांमध्ये टॅनिन मऊ होण्याआधीच फळ, म्हणजे ताज्या फळाचा वास आणि चव, निघून गेलं.

बाटलीत नेमकं काय घडतं ते सांगते. नव्या रेड वाईनचा जांभळा रंग द्राक्षाच्या सालीतल्या अँथोसायनिनचा. वर्षं जातात तसं हे रंगद्रव्य आणि टॅनिन एकमेकांना बिलगतात, त्यांचे मोठे जड रेणू होतात आणि त्यातला काही भाग गाळ होऊन तळाशी बसतो. म्हणून रंग फिका होत जातो, जांभळ्याचा माणकासारखा लाल, लालाचा विटकरी. ताज्या फळाचा वास देणारे घटक हळूहळू तुटतात, आणि त्यांच्या जागी चामडं, अळंबी, सिडारचं लाकूड, जंगलातली ओली जमीन असे वास येतात. आम्ल मात्र जवळजवळ होतं तितकंच राहतं. आमटीत गूळ कमी पडला की चिंच जशी पुढे येते, तसं फळ गेल्यावर आम्ल पुढे येतं. तुम्हाला जो आंबटपणा जाणवला तो नव्याने तयार झालेला नव्हता. तो पहिल्यापासून होता, झाकणारं फळ तेवढं गेलं. शेवटची कोरड ही शिल्लक टॅनिनची.

तुमच्या वर्णनात नसलेला एक वास मला महत्त्वाचा वाटतो. मी तासगावची. बेदाण्याच्या शेडमधला तो जड, गोड, सुकत्या फळाचा वास लहानपणापासून माझ्या नाकात आहे, आणि जुनी वाईन हुंगताना मी पहिल्यांदा तोच शोधते. वाईन उष्णतेत राहिली, किंवा द्राक्षंच उन्हाने जास्त पिकली, तर तिचं म्हातारपण बेदाण्याच्या आणि सुक्या आलुबुखाराच्या वाटेने येतं. २००३ च्या उन्हाळ्यात फ्रान्स होरपळून निघालं होतं. त्या सालच्या काही बोर्दोंमध्ये हा वास फार लवकर आला. बोर्दोच्या संशोधकांनी अशा अकाली म्हाताऱ्या झालेल्या रेड वाईनमधून आलुबुखाराच्या वासाचा रेणूही वेगळा काढून दाखवला आहे. तुमच्या बाटलीत फळ सुकलेलं नव्हतं, ते विरून गेलेलं होतं आणि मागे पाचोळा राहिला होता. याचा अर्थ आजोबांचं तळघर थंड आहे आणि त्यांनी बाटली नीट सांभाळली होती. हे त्यांना आवर्जून सांगा.

आता त्या जगबद्दल. तुमच्या मित्राचा सल्ला तरुण, आडदांड वाईनसाठी चालला असता. म्हाताऱ्या वाईनला हवा मानवत नाही. एमिल पेनो हे बोर्दोचे विसाव्या शतकातले फार मोठे वाईनशास्त्रज्ञ. त्यांचं मत स्पष्ट होतं, की गाळ असेल तरच वाईन दुसऱ्या भांड्यात ओता, आणि तेही प्यायला बसायच्या आधी लगेच. जास्त वेळ हवेत राहिली की सुगंध विरळ होतो. जुन्या बाटल्यांच्या बाबतीत मला त्यांचं म्हणणं शंभर टक्के पटतं. दोन तास उघड्या जगमध्ये ठेवल्यावर या वयाच्या क्रू बुर्जुआत काही उरणं अवघडच.

पुढच्या वेळी बाटली आधी दोन दिवस उभी ठेवा, म्हणजे गाळ तळाशी बसेल. बूच काढायला दोन पात्यांचा चिमटा मिळतो. त्याची पाती बूच आणि काच यांच्यामध्ये सरकवायची आणि पिळत पिळत वर ओढायचं. तुलूजमध्ये वाईनच्या चांगल्या दुकानात तो सहज मिळेल. वाईन सोळा अंशांच्या आसपास असू द्या. ओतताना बाटलीच्या खांद्यामागे टॉर्च धरा आणि गाळ मानेपाशी आला की थांबा. ग्लास गरागरा फिरवू नका. थोडी ओता, आधी नाक लावा, वास पुरता घ्या आणि मग घोट घ्या. लगेच थोडी अजून ओता. सोबत साधी भाजलेली कोंबडी किंवा लोण्यात परतलेली अळंबी ठेवा. मी सांगली जिल्ह्यातली आहे, तांबड्या रश्श्यावर माझा जीव आहे, पण अशा वाईनशेजारी तो ठेवू नये. तिचं उरलंसुरलं तिखटात बुडून जातं.

अशी वाईन पिताना तिच्यात फळ शोधत बसू नये, असं मला कळकळीने सांगावंसं वाटतं. जे गेलं ते गेलं. मला स्वतःला शिखरावरच्या वाईनइतकीच उतरणीची वाईन प्यायला आवडते, कारण तिच्यात ती माती, ते साल, तो कडकपणा उघडा दिसतो. मात्र त्यासाठी तिच्यासमोर बसावं लागतं. पंधरा पाहुण्यांच्या गडबडीत अशी बाटली उघडणं म्हणजे ती ओतून देणंच.

आजोबांना खरं सांगा. 'छान होती' म्हणून जिना चढून जाऊ नका. या माणसाने आपल्याकडची जुनी बाटली तुम्हाला दिली आहे, त्याला तपशील ऐकायचा असणार. सांगा, की वास सुंदर होता, पाचोळा आणि तंबाखू. फळ संपलं होतं. शेवटी कोरडी लागली. आणि विचारा, त्याच सालच्या अजून किती आहेत. असतील तर टॉर्च घेऊन त्यांच्याबरोबर तळघरात जा आणि प्रत्येक बाटलीतली पातळी बघा. वाईन मानेच्या बुडाशी किंवा खांद्याच्या वरच्या भागात असेल तर या वयाला उत्तम. खांद्याच्या मध्याखाली गेली असेल तर बूच गळतंय, ती आधी उघडा. एका खोक्यातल्या दोन बाटल्या इतक्या वर्षांनी सारख्या राहत नाहीत, त्यामुळे पुढची तुमच्या बाटलीपेक्षा बरी निघू शकते. पण या हिवाळ्यातच उघडा, आणि आजोबांना वर जेवायला बोलवा.

प्रश्न : २००९ मध्ये पॅरिसहून आणलेली कोत द्यू रोन या फ्रेंच रेड वाईनची बाटली पुण्यात आमच्या दिवाणखान्यातल्या शोकेसमध्ये आहे. मुलीच्या लग्नात उघडायचा बेत आहे. आणखी तीन-चार वर्षं थांबलं तर चालेल ना?

उत्तर : नाही. येत्या रविवारी उघडा. साधी कोत द्यू रोन पहिल्या तीन-पाच वर्षांत प्यायची वाईन आहे. तिच्यात बहुतेक वेळा ग्रेनाश द्राक्ष जास्त असतं, आणि ग्रेनाशला हवा फार लवकर बाधते. त्यात पुण्याचे इतके एप्रिल-मे शोकेसमध्ये, दिव्याच्या उजेडात. वाईनला बारा-तेरा अंश आणि अंधार लागतो, तेही बारा महिने एकसारखं. तुमच्या बाटलीत वर सांगितलेला बेदाण्याचा वास येण्याची शक्यता दाट आहे. आला तरी चाखून बघा, पण सोबतीला दुसरी ताजी बाटली तयार ठेवा.

लग्नासाठी आज वाईन घेऊन घरात साठवू नका. घरी वाईनचा फ्रिज असेल तर २०१६ ची चांगली मेदोक घ्या, ती निर्धास्त थांबेल. नसेल तर लग्नाच्या वर्षीच घ्या. सगळ्याच फ्रेंच रेड जुन्या झाल्या की चांगल्या होतात ही समजूत आपल्याकडे फार पसरली आहे, आणि तिच्यापायी कितीतरी चांगल्या बाटल्या शोकेसमध्ये मरतात. फ्रान्समध्ये बनणारी बहुतेक रेड वाईन तरुणपणीच प्यायसाठी केलेली असते. बोजोले नूव्हो तर नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी बाजारात येते आणि पुढच्या काही महिन्यांत संपवायची असते.

प्रश्न : आजोबा बोटीवर नोकरीला होते. मडगावच्या घरात माळ्यावर त्यांनी आणलेली १९७० च्या दशकातली फ्रेंच रेड सापडली. प्यायली तर अपाय होईल का?

उत्तर : वाईन जुनी झाली म्हणून विषारी होत नाही. तिच्यातल्या अल्कोहोल आणि आम्लामुळे रोगजंतू तिच्यात वाढत नाहीत, आणि तळाचा गाळ कडू लागला तरी निरुपद्रवी असतो. गोव्याच्या माळ्यावर इतके उन्हाळे काढल्यावर चवीची आशा मात्र ठेवू नका. वास व्हिनेगरचा आला तर तिथेच थांबा.

एक काळजी जरूर घ्या. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत अनेक बाटल्यांच्या तोंडावरचं वेष्टण शिशाचं असे. बुचातून वाईन झिरपली असेल तर त्या शिशाचे पांढुरके क्षार मानेवर साचतात. वेष्टण नुसतं कापू नका, पूर्ण काढून टाका. बूच काढण्याआधी आणि काढल्यावरही बाटलीचं तोंड ओल्या फडक्याने आतून-बाहेरून नीट पुसा, फडकं फेकून द्या, हात धुवा, आणि मगच ओता.